आपल्या शैलीतली उणीव बाहेरच्यांकडूनच कळते

पवित्रा (धागाकर्ता)

मी फुल कॉन्टॅक्ट कराटे करतो आणि शिकवतोही. माझं मत असं की आपल्या शैलीतली उणीव आपल्याच वर्गात सापडत नाही. ती बहुतेकदा आपल्या नियमांतून आलेली असते आणि वर्गातले सगळे तेच नियम पाळत असतात.

क्योकुशिन ही आमची पूर्ण जोराने मारायची कराटेशैली घ्या. मुठींवर ग्लोव्ह नसतात म्हणून चेहऱ्यावर ठोसा बंद, डोक्यावर लाथ मात्र चालते. नियम योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक स्पर्धेत बोटं आणि जबडे मोडतील. पण परिणाम बघा. दोघे छातीला छाती भिडवून उभे राहतात, हात छातीशी, हनुवटी उघडी. आमचा तयार ब्लॅक बेल्ट ग्लोव्ह घालून बॉक्सरसमोर गेला की पहिल्या जॅबला, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाला, हात वर येतच नाहीत. तो मान मागे घेतो, वजन टाचांवर जातं आणि दुसरा ठोसा नेमका तिथे बसतो. यात हिमतीचा प्रश्न नाही. तो धोका शरीराला कधी दाखवलेलाच नसतो.

ऑलिंपिकच्या तायक्वांदोत चेहऱ्यावर ठोसा नाही, म्हणून हात खाली राहतात. बॉक्सर जिथे खाली वाकून ठोसा चुकवतो, तिथे मुएथायवाल्याचा (थाई बॉक्सिंगवाल्याचा) गुडघा येतो. १९८८ मध्ये लास वेगासला रिक रूफस हा अमेरिकन किकबॉक्सर थायलंडच्या चांगपुएक कियात्सोंग्रितशी खेळला. रूफस ज्या प्रकारात वाढला त्यात कमरेखाली लाथ नव्हती. पहिल्याच फेरीत त्याने चांगपुएकला पाडलं. पण मांडीवर लो किक बसत गेल्या आणि शेवटी रूफसला उभं राहता येईना. त्याचे हात आधीइतकेच चांगले होते, फक्त पायांचा विचार कुणी केलेला नव्हता.

म्हणून प्रत्येकाने अधूनमधून दुसऱ्या शैलीच्या माणसासमोर ठरवून उभं राहावं आणि तिथे जे उघडं पडेल त्यावरून आपला सराव बदलावा.

काताप्रेमी

अजिबात पटलं नाही. तुम्ही स्पर्धेची उणीव कराटेच्या नावावर टाकताय. शोतोकान कराटेचे प्रवर्तक फुनाकोशी गिचिन यांच्या १९३५ सालच्या ग्रंथात समोरच्याला पाडायच्या फेका चक्क दाखवल्या आहेत. कातांमध्ये, म्हणजे एकट्याने करायच्या ठरावीक हालचालींच्या क्रमांमध्ये, पकड सोडवणं आहे, मनगट ओढणं आहे, जवळून कोपर आहे. गुणांचे सामने आले आणि हे सगळं मागे पडलं. आधी आपलं घर नीट उघडून बघा, मग शेजारी मागायला जा. दोन वर्षं कराटे, सहा महिने बॉक्सिंग, मग ग्रॅपलिंग (पकडीची झुंज) करणारे विद्यार्थी मी बघतो आणि खरंच वाईट वाटतं. त्यांना कशाचंच मूळ धड सापडत नाही.

पवित्रा

फेका ग्रंथात आहेत हे मान्य. पण अंगात आहेत का? सोडायला तयार नसलेल्या माणसावर तुमच्या वर्गात ती फेक कोण टाकतं? कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली तेव्हा जुन्या जुजुत्सूत डावांना तोटा नव्हता. त्यांनी रांदोरीवर, म्हणजे समोरचा पूर्ण विरोध करत असतानाच्या सरावावर भर दिला. त्यासाठी धोक्याचे डाव त्यातून काढले, म्हणजे उरलेले पूर्ण जोराने करता येतील. तुमच्या कातातली फेक परत आणायची असेल तर रस्ता हाच आहे.

मॅटवरची

ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवरची पकडीची झुंज, करते. पवित्रा, तुमचं अर्धंच बरोबर आहे. बाहेरच्यासमोर उभं राहिलं की कळतं म्हणता, पण नियम कुणाचे? १९७६ मध्ये टोकियोत बॉक्सर मुहम्मद अली आणि जपानी कुस्तीगीर अंतोनियो इनोकी समोरासमोर आले. इनोकी जवळजवळ सगळा वेळ जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. पंधरा फेऱ्या, निकाल बरोबरीत, अलीचे पाय सुजलेले. त्यातून बॉक्सिंगची कोणती उणीव कळली आणि कुस्तीची कोणती? दोघांनी मिळून अशी परिस्थिती तयार केली जी दुसरीकडे कुठे येणारच नाही.

आणि बाहेरच्याला हरवल्यावर जो समज होतो तो तर जास्त घातक. १९९३ मध्ये पहिल्या यूएफसीत, म्हणजे वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांच्या स्पर्धेत, आमच्या जिउ-जित्सूचा रॉयस ग्रेसी जिंकला आणि आमच्यातल्या कितीतरी जणांना वाटलं, आता शिकण्यासारखं काही उरलं नाही. २००० मध्ये साकुराबा या जपानी लढवय्याने त्यालाच नव्वद मिनिटं खेळवलं आणि शेवटी ग्रेसीच्या कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे त्याच्या माणसांनी हार मानली. आजही आमच्या स्पर्धांत खेळाडू सुरुवात होताच स्वतःहून खाली बसतो, कारण वरून ठोसा येणार नाही हे त्याला माहीत असतं. हे दिसायला बाहेर जायची गरजच नाही. माझ्याच जोडीदाराला सांगते, मी गार्डमध्ये, म्हणजे पाठीवर पडून तुला पायांत धरून, असताना मला हलक्या चापट्या मार. दहा मिनिटांत कळतं की मी पकडलेली कॉलर त्याचा हात थांबवत नाही. तिथे मनगट आणि दंडच धरावे लागतात आणि त्याची मान खाली ओढून ठेवावी लागते.

जुना_ग्लोव्ह

मी मुलांना बॉक्सिंग शिकवतो. उणीव ओळखणं आणि ती भरून काढणं यात फार अंतर आहे आणि या धाग्यावर दोन्ही एकच धरलंय. बॉक्सरचं खाली वाकून चुकवणं इतकं सुंदर का होतं? कारण तिथे गुडघा येत नाही. त्याच्या मनात गुडघ्याची भीती घाला, तो अर्धाच वाकेल आणि बाजूने येणारा हुक डोक्यावर घेईल. तुम्ही ज्याला भगदाड म्हणता, त्याच्याच जिवावर ही कला इतकी खोल गेली आहे. मी पोरांना स्पष्ट सांगतो की आपल्याकडे लाथ नाही, पकड नाही, त्या कामाला ही विद्या पुरणार नाही. पण म्हणून सराव बदलत नाही.

काताप्रेमी

जुना_ग्लोव्ह यांना शंभर टक्के अनुमोदन.

पवित्रा

जुना_ग्लोव्ह, तुमचा मुद्दा वजनदार आहे. तुमच्याकडे मुलगा बॉक्सिंग शिकायला येतो आणि त्याला बॉक्सिंग मिळतं. माझ्याकडे आईवडील मुलीला आणतात ते ‘स्वसंरक्षण’ म्हणून. तिला चेहऱ्यावरच्या हाताची सवयच नाही लावली तर मी तिची फसवणूक करतोय. तुमचं प्रामाणिक सांगणं मला पटतं, पण माझ्या जागेवरून ते पुरत नाही.

आमच्याकडे काय करतो ते लिहितो. सोळा औंसाचे ग्लोव्ह. एकाने फक्त जॅब टाकायचा, हलका पण थेट नाकावर, बाजूला नाही. दुसऱ्याने काहीच मारायचं नाही, फक्त हनुवटी खाली, उजवा तळवा गालाशी आणि डोळे उघडे. सुरुवातीला सगळ्यांचे डोळे मिटतात आणि हात जॅबच्या मागे धावत पुढे जातो. तो पुढे गेला की चेहरा मोकळा. काही आठवड्यांनी हात गालापाशी थांबायला लागतो. मगच उलट ठोसा देऊ देतो. हे वर्गाच्या शेवटी, फार तर पंधरा मिनिटं. कुमितेत (कराटेच्या झुंजीत) छातीशी भिडणं सोडलेलं नाही.

मॅटवरची

पंधरा मिनिटांना माझी हरकत नाही. पण जॅब टाकणारा कोण? तुमचाच कराटेवाला असेल तर तो कराटेच्या अंतरावरून, कराटेच्या तालात टाकणार. तुमचे विद्यार्थी वाईट जॅब अडवायला शिकतील.

जुना_ग्लोव्ह

हा प्रश्न खरा आहे. पवित्रा, महिन्यातून एकदा माझी दोन पोरं पाठवतो. हलकं खेळतील, शब्द देतो. पण नवशिक्यांना त्यात घेऊ नका. ज्याची उभं राहायची पद्धतच अजून बसलेली नाही, तो दोन्हीकडचा गोंधळ उचलेल. माझी हरकत तेवढ्यापुरती कायम आहे.

पवित्रा

नवशिक्यांना पहिल्या महिन्यापासून घेणार. डोळे मिटायची सवय एकदा पक्की झाली की ती मोडायला वर्षं जातात, यावर मी ठाम आहे. तुमची पोरं जरूर पाठवा. वेळ व्यक्तिगत निरोपात ठरवू.