मदत हवी आहे: आजीने वाचनालयाला दिलेलं घर होमस्टेला चाललंय

दुसरा_फलाट
लवकर उत्तर हवंय, रविवारी सभा आहे. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी आजीने घर वाचनालयाला दिलं होतं. आता कार्यकारिणी ते होमस्टेवाल्याला देतेय, पुस्तकं शाळेच्या एका खोलीत हलवणार म्हणे. हे बेकायदा आहे ना? घर परत कसं मिळवायचं? कृपया माहीतगारांनीच लिहावं.

पडवीतला
'दिलं' म्हणजे कसं? तोंडी, साध्या कागदावर, की नोंदणी करून? कुठल्या साली? संस्था धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदलेली आहे का?

दुसरा_फलाट
सगळं रीतसर आहे हो. गावात कोणालाही विचारा.

पडवीतला
गाव साक्षीला कुठे कुठे येणार? स्थावराचं दान नोंदणीकृत दस्ताने आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांनीच होतं, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १२३. दस्त शोधा आधी.

सुरमई_तळलेली
स्पष्ट बोलते, राग मानू नका. दान दिलं ते दिलं. जागेला भाव आला की नातवंडांना आजी आठवते. आमच्याकडे प्रत्येक वाडीत हेच.

दुसरा_फलाट
मला पैसे नकोत. माहिती नसेल तर लिहू नका.

खाजेवाला
आमच्या गावात असाच झाला. देवळाची जागा भाड्यान दिली, आता थय बियरचे बाटले दिसतत. पण बाबा, तुका नक्की काय व्हया ता आधी सांग. घर व्हया की वाचनालय?

करसल्लागार_मंदार
आजींनी ८०जीची, म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळते ती, पावती घेतली होती का? वजावटीचा मुद्दा महत्त्वाचा आहे.

पडवीतला
मंदार, आजी हयात नाहीत, आणि घरासारख्या वस्तुरूप दानाला ८०जी लागूही होत नाही. प्रश्न वाचत जा.

दुसरा_फलाट
आईच्या ट्रंकेत दस्ताची प्रत सापडली. १९७८ सालचं नोंदणीकृत दानपत्र आहे. त्यात लिहिलंय, 'सदर घर सार्वजनिक वाचनालयाखेरीज अन्य कामी वापरू नये.' झालं ना मग?

निवृत्त_पेशकार
अर्धं झालं. पुढे 'वाचनालय बंद पडल्यास घर वारसांकडे परत यावे' असं काही आहे का? त्याच कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे दान परत फिरण्याची अट दोन्ही बाजूंनी आधीच ठरवलेली लागते, आणि ती घटना दात्याच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये. नंतर मन बदललं म्हणून दान रद्द होत नाही.

दुसरा_फलाट
असं काही नाही लिहिलेलं.

निवृत्त_पेशकार
मग घर परत मिळण्याचा विचार सोडा, पण आजींचा शब्द वाया गेलेला नाही. हेतू लिहून दिल्यामुळे विश्वस्तांचे हात बांधले जातात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ३६: न्यासाची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. विकायला किंवा अदलाबदल करायलाही लागते. करार किती वर्षांचा आहे?

दुसरा_फलाट
अकरा.

निवृत्त_पेशकार
मंजुरी घेतलीय का ते विचारा, आणि सभेच्या इतिवृत्तात तुमचा प्रश्न नोंदवून घ्या. पण एक सांगतो, तुम्ही हरकत घेतलीत की वकील त्यांना तोच करार ३५ महिन्यांचा करायला सांगेल, आणि मग दर वेळी नूतनीकरण. तेव्हा ३६ चा बडगा चालत नाही, हेतूभंग मात्र तसाच राहतो. मालमत्तेची उधळपट्टी किंवा गैरविल्हेवाट होण्याचा धोका असेल तर त्याच कायद्याच्या कलम ४१-ई खाली मनाईचा आदेश मागता येतो. त्यासाठी हितसंबंध असलेल्या किमान दोघांनी प्रतिज्ञापत्रासह अर्ज करावा लागतो.

सुरमई_तळलेली
वाचायला येतं कोण पण? आमच्या वाचनालयात कपाटाला वाळवी आणि दोन म्हातारे पेपर वाचत बसलेले. भाड्याच्या पैशातून नवी पुस्तकं आली तर आजींचा आत्मा थंडच होईल.

रत्नांग्रीकर
वाचनालयांबद्दल असं बोलू नका. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, आजही चालू आहे. अनुदान मिळतं का यांना? 'ड' वर्ग का 'क' वर्ग? १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली...

निवृत्त_पेशकार
सुरमईताई, तुमचा मुद्दा कायद्याने मोडीत काढलेला नाही. मूळ हेतू पार पाडणं खरोखर अशक्य झालं तर त्या १९५० च्या कायद्यात कलम ५५ आहे, तेव्हा न्यायालयाकडून त्याच्याजवळचा हेतू ठरवून घेता येतो. तो निर्णय कार्यकारिणीने चहा पिता पिता घ्यायचा नाही, एवढंच.

पडवीतला
आता खरा प्रश्न. हितसंबंधी कोण? संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली असेल तर सभासद. दात्याचा नातू म्हणून तुमची बाजू लंगडी पडते. तुम्ही सभासद आहात का?

दुसरा_फलाट
नाही. मी डोंबिवलीत राहतो.

पडवीतला
आणि अध्यक्ष कोण?

दुसरा_फलाट
धाकटे काका. पण त्याचा इथे काय संबंध?

खाजेवाला
ह्या पयल्या ओळीत सांगूक व्हया होता रे!

सुरमई_तळलेली
मी म्हटलं होतं ना?

दुसरा_फलाट
काकांशी बोलणं बंद आहे चार वर्षं, पण ते वेगळ्या कारणाने.

निवृत्त_पेशकार
कारण इथे सांगू नका. रविवारआधी एवढं करा: रत्नागिरीच्या सहाय्यक धर्मादाय आयुक्त कार्यालयातून परिशिष्ट-१ चा उतारा काढा, घर कोणाच्या नावाने आणि कशासाठी नोंदलंय ते त्यात दिसेल. दानपत्राची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडून घ्या, ट्रंकेतल्या प्रतीवर भिस्त नको. ग्रामपंचायतीचा नमुना ८ घेऊन नाचू नका, तो कराचा उतारा आहे, मालकीचा नाही. आणि गावात वर्गणी भरणारं कोणी जवळचं आहे का?

दुसरा_फलाट
आत्या आजीव सभासद आहे. ती काकांशीही बोलते.

पडवीतला
अर्जाला दोघं लागतात. दुसरी सही?

दुसरा_फलाट
शाळेतले जुने गुरुजी रोज पेपर वाचायला जातात. वर्गणी भरतात का ते माहीत नाही. फोन लावतो.