मदत हवी आहे: बाबांच्या परवान्यावरची बंदूक आणि रायफल कर्नाटकात विकायची आहे

नमस्कार मंडळी,

बाबा चैत्रात गेले. आमचं गाव गडहिंग्लज तालुक्यात, शेत जंगलाला लागून. उसात रानडुकरं आणि गवे शिरतात म्हणून बाबांनी पूर्वी परवाना काढला होता. परवान्यावर दोन शस्त्रं आहेत. एक दुनळी बारा बोअर आणि दुसरी आजोबांकडून आलेली .३०३ रायफल. दोन्ही अजून माजघरातल्या लोखंडी कपाटात आहेत, सोबत काडतुसांचा एक डबा. किल्ली आईच्या कमरेला असते. रात्री दोनदा उठून ती कपाटाचं कुलूप ओढून बघते. मी पुण्यात, भाऊ दुबईत. हे ओझं तिच्यावर फार दिवस ठेवायचं नाही.

बाबांचे जुने स्नेही खानापूरला असतात, बेळगाव जिल्ह्यात. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. त्यांचा स्वतःचा शस्त्र परवाना आहे. "तुझ्या बाबांच्या हातची वस्तू परक्याकडे जायला नको, दोन्ही मीच घेतो," असं ते म्हणाले. आईलाही ते पटलंय. चुलतभाऊ म्हणतो, गाडीच्या डिकीत घालून संकेश्वरमार्गे नेऊन देतो, त्यात काय एवढं. मी त्याला थांबवलं आहे, पण पुढे काय करायचं ते मला माहीत नाही.

काकांचा परवाना कर्नाटकातला आणि बाबांचा महाराष्ट्रातला, मग विक्रीची परवानगी कुठून घ्यायची? शस्त्र सीमेपलीकडे कुणी आणि कसं न्यायचं? कुरिअरने जातं का? आणि .३०३ ला काही वेगळा नियम आहे का? गावात दोघातिघांनी "ती पीबी आहे" असं सांगितलं, पण त्याचा अर्थ कुणी नीट सांगितला नाही.

प्रतिसाद १

ताई, चुलतभावाला थांबवलंत हे फार बरं केलंत. त्याच्या नावावर परवाना नाही. तो शस्त्र घेऊन गावाच्या वेशीपर्यंत गेला तरी गुन्हा होतो, तिथे राज्याच्या सीमेचा प्रश्नच येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २५ मध्ये विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ ते कमाल ५ वर्षं आहे.

विक्रीचं नंतर बघू. परवानाधारक गेला की घरातल्या कुणालाही ते शस्त्र कायद्याने ठेवता येत नाही. कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना जवळ ठेवा. ठाण्यात आधी फोन करून कल्पना द्या आणि वस्तू घरून कशी न्यायची ते त्यांनाच विचारा. काडतुसं मोजून द्या आणि पावतीवर प्रत्येक शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. पुढची सगळी कामं त्या पावतीवर चालतात.

जमा केलं म्हणजे हक्क गेला, असं नाही. वारसाच्या नावे परवाना झाला की शस्त्र परत मिळतं. नाहीतर ज्याला ते बाळगण्याचा अधिकार आहे अशा माणसाला विकायची संमती वारस देऊ शकतो आणि पैसे वारसालाच मिळतात. फक्त वर्षानुवर्षं तसंच पडू देऊ नका. ठरलेल्या मुदतीत सोडवलं नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं.

प्रतिसाद २

पीबी म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, आणि एनपीबी म्हणजे त्यात न मोडणारं शस्त्र. लष्कराची गोळी ज्यातून सुटू शकते ती शस्त्रं सामान्य परवान्यातून वगळलेली आहेत. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत .३०३ आणि ७.६२ च्या रायफली, तसंच लष्करी ९ मिमी काडतूस घेणारी पिस्तुलं निर्बंधित वर्गात येतात. बाजारात .३१५ ची शिकारी रायफल सर्रास दिसते ती याच कारणाने. ती एनपीबी आहे. तुमची बारा बोअरही एनपीबी, त्यामुळे तिचं काम जिल्हाधिकारी कचेरीतल्या शस्त्र परवाना शाखेत होतं. .३०३ चा परवाना मात्र केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो.

म्हणजे काकांचा परवाना एनपीबीचा असेल तर ते .३०३ घेऊच शकत नाहीत, मग ते खानापूरचे असोत की तुमच्या शेजारच्या गल्लीतले. त्यांच्या परवान्याच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते आधी बघा, आणि त्यावर आधीच किती शस्त्रं आहेत तेही विचारा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काकांशी बोलले. त्यांचा परवाना एनपीबीचाच आहे आणि त्यावर एक बारा बोअर आणि एक रिव्हॉल्व्हर आहे.

प्रतिसाद ३

मग बारा बोअरही अडली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यांनी आपलं एक आधी विकलं किंवा कायमचं जमा केलं, तरच तुमची दुनळी त्यांच्या परवान्यावर चढेल.

त्यांनी तसं ठरवलं, तर क्रम असा. ते त्यांच्याकडच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून खरेदीची परवानगी घेतील. तुम्ही तुमच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं: शस्त्राचं वर्णन, क्रमांक, घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता. कलम ५ नुसार त्यानंतर किमान ४५ दिवस गेल्याशिवाय शस्त्र हातात द्यायचं नाही. खासगी वापरातलं शस्त्र असं विकायला तुम्हाला विक्रेत्याचा परवाना लागत नाही, पण हे ४५ दिवस चुकवता येत नाहीत. तुमच्या अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, दिवस त्या तारखेपासून मोजायचे.

कुरिअरचा विचार सोडून द्या. काडतुसं स्फोटक असल्यामुळे टपालात चालत नाहीत. काका कर्नाटकातून येणार म्हणून त्यांच्या परवान्याची क्षेत्रमर्यादा महाराष्ट्राला लागू आहे का, ते बघावं लागेल. लागू असेल तर त्यांनी स्वतः, परवाना आणि परवानगी जवळ ठेवून, रिकामी बंदूक न्यावी. लागू नसेल तर दोन्हीकडच्या विक्रेत्यांमार्फत, वाहतुकीच्या परवान्यावर.

अजून एक. तुमच्या भावाला किंवा तुम्हाला दुनळी ठेवायची इच्छा आहे का? २०१६ च्या नियमांत वारसाला परवाना मिळण्याची तरतूद आहे. बाकीच्या वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं जोडावी लागतील.

धागाकर्ती

काल आई आणि मी पोलीस ठाण्यात जाऊन आलो. आधी फोन केला होता, म्हणून एक हवालदार घरी आले. त्यांनी दोन्ही शस्त्रं स्वतः तपासून, रिकामी आहेत हे आईला दाखवून, गाडीत ठेवली. काडतुसं २३ निघाली, पावतीवर तेवढीच लिहून घेतली. आई काल रात्री उठली नाही.

दुनळी काकांनाच द्यायची असं ठरलंय. ते त्यांची जुनी बारा बोअर काढणार आहेत. त्यांच्याकडची परवानगी हातात आली की ४५ दिवसांचा अर्ज देते. .३०३ वर मात्र अजून अडले आहे. भावाला ती नको, मलाही नको, आणि पीबीचा परवाना असलेला कुणी आमच्या ओळखीत नाही. ती थेट सरकारला कायमची सोपवण्याचा अर्ज कुणी केला असेल, तर कोणती कागदपत्रं लागली आणि आजोबांच्या वेळचे जुने परवाने जोडावे लागले का, एवढं सांगाल का? आजोबांचा १९६४ चा कागद मिळालाय, पण तो घडीवर फाटलेला आहे आणि शिक्का पुसट झालाय.