खूण काढा, पण पाटी लावा

लघुपटासाठी एआयकडून बनवून घेतलेला व्हिडिओ माझाच, मग त्यावरची कंपनीची खूण (वॉटरमार्क) पुसली तर बिघडलं काय, असं तुम्ही विचारलंत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्याचा असाच खूण पुसलेला एआय व्हिडिओ आला होता. ओपनएआयच्या ‘सोरा’ या व्हिडिओ बनवणाऱ्या एआयची खूण असायची तिथे नुसता धूसर डाग, तोही मधूनमधून जागा बदलणारा. तो खरा समजून शेजारच्या काकूंनी दोन दिवस नातवाला खाली खेळायला सोडलं नाही. लघुपटात खूण डोळ्यांत खुपते, हे मान्य. कंपनी स्वतः बिनखुणेची प्रत देत असेल तर तीच घ्या, आणि ‘एआयनिर्मित’ ही पाटी पहिल्या फ्रेमपासून ठळक ठेवा. फेब्रुवारी २०२६पासून आपल्या आयटी नियमांतही असं लेबल बंधनकारक आहे. आणि गूगलच्या एआयची सिंथआयडी ही न दिसणारी खूण तर चित्राच्या पिक्सेलमध्येच मुरलेली असते, कोपरा कापून ती जात नाही. खूण पुसणारी फुकट अ‍ॅप्स मी कुणालाच सुचवणार नाही.