इस्त्री लावली की आरसीसीबी पडतो, पण दोष गीझरचा?

पेठकरी: नारायण पेठेतलं दोन खोल्यांचं घर, वायरिंग वडिलांच्या काळातलं. गणपतीआधी किटकॅट फ्यूजचा लाकडी बोर्ड काढून एमसीबी (जास्त लोड आला की वीज तोडणारे स्विच) आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घेतला. तेव्हापासून इस्त्री किंवा मिक्सर लावला की आरसीसीबी खट्‌कन पडतो, वीज जाते. नुसते दिवे-पंखे लावले तर पडत नाही. इस्त्री शेजारी नेऊन पाहिली, तिथे व्यवस्थित चालते. वायरमन म्हणतो, ‘काका, तो आरसीसीबी काढा, नुसते एमसीबी पुरे.’

परवा बाथरूम घासायला म्हणून गीझरची पिन काढून ठेवली, तर दिवसभर काहीच पडलं नाही. पण गीझरचं बटण तर आधीही बंदच होतं!

ओली_भिंत: शेजारी आरसीसीबी आहे का? नसेल तर तिथे इस्त्री चालली यातून काहीच कळत नाही.

निवृत्त_वायरमन: बटण फक्त फेज (वीज आणणारी वायर) तोडतं, न्यूट्रल (वीज परत नेणारी) आणि अर्थ (जमिनीला जोडलेली) जोडलेलेच राहतात. आता मेन बंद करून गीझरचं सॉकेट उघडा. वरचं मोठं भोक अर्थचं, समोरून पाहताना डावं न्यूट्रलचं. या दोघांत वायरचा तुकडा टाकलेला असणार. जुन्या घरांत अर्थची वायरच नसायची, मग तीन पिनी चालल्या पाहिजेत म्हणून आमच्यातलेच लोक असा जुगाड करून जात.

गीझरच्या टाकीला लोखंडी पाइप, पाइप जमिनीत. म्हणजे तुमचा न्यूट्रल बाथरूममध्ये जमिनीला टेकलाय. इस्त्रीसारखा मोठा लोड आला की परतीच्या करंटातला थोडा वाटा पाइपातून जातो. गेला तेवढा परत आला नाही की आरसीसीबी पडणारच, त्याचं कामच ते. एमसीबीला ३० मिलीअँप कळतही नाहीत.

आणि नुसता पडतोय यावर जाऊ नका. उद्या त्या सॉकेटकडे येणारा न्यूट्रल कुठे तुटला, तर बटण चालू करताच फेज गीझरच्या एलिमेंटमधून त्या तुकड्यावाटे टाकीवर येईल. आरसीसीबी काढू नका, तुकडा काढा. मग खरी अर्थ ओढून घ्या. तोवर गीझर बंद.

पेठकरी: उघडलं. काळ्या वायरचा बोटभर तुकडा, शेवाळासारखा हिरवा पडलेला! वायरमनला फोटो पाठवला, त्याचं उत्तर फक्त ‘हो का’.

मीटरपासून हिरवी वायर ओढायला दुसरा माणूस बोलावला. भिंतीतला पाइप चिंबलेला, वायर पुढे जाईना, शेवटी भिंतीवरून केसिंग पट्टी मारली. नवीन रंगावर पट्टी, त्यामुळे आई दोन दिवस बोलली नाही. इस्त्री, मिक्सर, गीझर तिन्ही एकदम लावून पाहिले, पडला नाही. आरसीसीबीवरचं चाचणीचं ‘टी’ बटण दाबलं की मात्र पडतो.

निवृत्त_वायरमन: पडायलाच हवा. ते बटण महिन्यातून एकदा दाबत जा. आणि स्वयंपाकघरातलं सॉकेटही उघडून बघा. असे तुकडे एकटे सापडत नाहीत.