ओळखीच्या दुकानांत बिटकॉइन सुरू करून द्यायचंय, सुरुवात कुठून करू?

टिपणवही:

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं बिटकॉइन वापरतो, थोडं साठवतोही, पण त्यातून रोजची खरेदी करायची संधी जवळजवळ मिळत नाही. काही दुकानदारांशी चांगली ओळख आहे. एक स्टेशनरीवाले काका, एक सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या ताई, एक सलूनवाले. तिघंही म्हणाले, "तू शिकवणार असशील तर बघू."

माझ्या डोक्यात असं आहे की प्रत्येकाच्या फोनवर एक वॉलेट (नाणी घ्यायचं-पाठवायचं ॲप) टाकून द्यायचं, पत्त्याचा क्यूआर कोड छापून काउंटरवर लावायचा आणि दारावर एक स्टिकर. एवढ्यावर भागेल का? बिटकॉइन ठेवावं की स्टेबलकॉइन, म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेलं नाणं? भाव पडला तर बोल माझ्यावर येईल, हीसुद्धा धास्ती आहे. ज्यांनी प्रत्यक्ष दुकानांत हे लावून दिलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

चौथा_मजला:

सगळ्यांत आधी आपल्या देशातला नियम बघा. चीनने २०२१च्या सप्टेंबरमध्ये क्रिप्टोचे व्यवहार बेकायदा ठरवले. अमेरिकेत चालतं, पण तिथलं करखातं २०१४पासून बिटकॉइनला चलन न धरता मालमत्ता धरतं. म्हणजे दुकानदाराला आलेल्या दिवशीचा भाव उत्पन्न म्हणून दाखवावा लागतो, आणि पुढे ते नाणं खर्चलं की नफा-तोट्याचा वेगळा हिशोब करावा लागतो. तुमच्याकडे काय आहे हे दुकानाचा हिशोब बघणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय एकही ॲप टाकू नका. बाकी तांत्रिक भाग इतर लोक सांगतीलच.

रोजकीर्द:

मी छोट्या दुकानांची रोजकीर्द आणि खतावणी लिहून देते. त्यांतल्या काहींनी बिटकॉइन घ्यायचं ठरवलं तेव्हा सगळी मांडणी माझ्याकडेच आली. त्यामुळे मी जे सांगेन ते गल्ल्याच्या बाजूने.

पहिल्या भेटीत वॉलेट काढूच नका. दुकानदाराला विचारा, आलेलं नाणं ठेवायचंय की लगेच मोडायचंय, म्हणजे विकून नेहमीचे पैसे करायचेत, मोडल्यावर पैसे कुठल्या खात्यात येणार, आणि रात्री हिशोब मिटवताना ही रक्कम कोण लिहिणार. ज्याच्याकडे याची उत्तरं नसतात त्याच्याकडे पहिलं पेमेंट मोठ्या कौतुकाने होतं, फोटो निघतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला "ते आता बंद आहे" असं ऐकून परत जावं लागतं. उत्तरं मिळाल्याशिवाय मी फोनला हात लावत नाही.

छापील क्यूआरचा बेत सोडून द्या. त्या कागदावर कायम एकच पत्ता असतो. तोच रोज वापरला की कुणीही तो ब्लॉक एक्सप्लोररमध्ये (बिटकॉइनचे व्यवहार सगळ्यांना दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) टाकून त्यावर आजवर किती जमा झाली ते बघू शकतो. नुसत्या पत्त्यात रक्कम नसते, म्हणजे गिऱ्हाईक स्वतः भाव काढून आकडा टाकणार आणि त्यावरून काउंटरवर हुज्जत होणार. दोघांनी एकाच सुमाराला सारखीच रक्कम भरली तर कुणाची आली आणि कुणाची वाटेत आहे हे कळायला मार्ग नाही. आणि रात्रीतून कुणी त्यावर दुसरा कोड चिकटवला तर दिवसभराची जमा परक्याच्या खिशात जाते. असा व्यवहार उलटा फिरवायला मध्ये कुणी बसलेलं नसतं.

दर बिलाला नवा कोड हवा. बीटीसीपे सर्व्हर हे मुक्त सॉफ्टवेअर २०१७पासून आहे. त्यातलं काउंटरचं पान एखाद्या जुन्या फोनवर किंवा टॅबवर उघडून ठेवता येतं. काउंटरवरचा माणूस बिलाची रक्कम नेहमीच्या चलनातच टाकतो. सॉफ्टवेअर त्या क्षणाचा भाव धरून नाण्यांचा आकडा काढतं आणि कोड दाखवतं. तो भाव मूळ सेटिंगप्रमाणे १५ मिनिटं बांधलेला असतो, नंतर कोड बाद. गिऱ्हाईक स्कॅन करतं आणि दुकानाच्या स्क्रीनवर पैसे मिळाल्याची खूण येते. पुष्कळदा गिऱ्हाईक आपला फोन पुढे करून "गेले बघा" म्हणतं. त्या फोनकडे बघायचंच नाही, खूण आपल्या स्क्रीनवर आली तरच माल द्यायचा. काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाकडून हे मी माझ्यासमोर करून घेते, स्वतः गिऱ्हाईक होऊन. मालक शिकला आणि दुपारी बसणाऱ्या मुलाला काहीच ठाऊक नाही, अशा दुकानात ही सोय टिकत नाही.

स्क्रीनवर नेहमीच्या चलनातला आकडा मोठा दिसेल असं करून ठेवा. एका बिटकॉइनमध्ये १० कोटी सातोशी असतात, त्यामुळे साध्या बिलालाही लांबलचक आकडे येतात आणि नवा माणूस गडबडतो.

पेमेंट लाइटनिंगवर, म्हणजे बिटकॉइनवरच उभारलेल्या झटपट पेमेंटच्या जाळ्यावर घ्या. मूळ साखळीवर, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक नोंदवहीत, सरासरी १० मिनिटांनी एक ब्लॉक (पक्क्या झालेल्या व्यवहारांचा गठ्ठा) येतो, तोवर पिशवी हातात धरून कोण उभं राहील? शिवाय ब्लॉकमध्ये जाण्याआधीचं पेमेंट जास्त फी लावून दुसरीकडे वळवता येतं, म्हणून ते नुसतं दिसलं की माल देऊन टाकला असं करता येत नाही. लाइटनिंगवर काही सेकंदांत व्यवहार पक्का होतो. पण त्यातली एक अडचण दुकानदाराला सहसा कुणी आधी सांगत नाही. पैसे घेण्यासाठी दुकानाच्या चॅनलमध्ये (लाइटनिंगवर दोघांमध्ये उघडलेल्या पैशांच्या वाटेत) पलीकडच्या बाजूला तेवढी शिल्लक असावी लागते, आणि स्वतःच्या किल्लीच्या (पैसे खर्च करायचा गुप्त कोड स्वतःकडे असलेल्या) नव्या वॉलेटमध्ये ती नसते. काही वॉलेट पहिल्या जमेच्या वेळी आपणहून चॅनल उघडतात आणि त्याचा खर्च त्याच रकमेतून कापतात. पहिल्याच बिलाला पैसे कमी आलेले दिसले की दुकानदाराचं मन उडालंच म्हणून समजा. म्हणून ती पहिली जमा तुम्ही करा, तुमच्या पैशांनी, गिऱ्हाईक यायच्या आधी. आणि का कापले गेले ते त्यांना तिथेच समजावून सांगा.

किल्लीबद्दल मी फार कडक आहे. वॉलेट बनवताना ॲप किल्ली म्हणून जे १२ किंवा २४ शब्द दाखवतं ते मालकाने स्वतःच्या हाताने कागदावर लिहायचे. तुम्ही त्या वेळी पाठ फिरवून उभे राहा. पुढे काही गहाळ झालं तर ज्याने शब्द पाहिले त्याच्याकडेच पहिलं बोट जाणार, आणि वर्षांची ओळख तुटेल. फोटो काढायचा नाही, चॅटवर स्वतःलाच पाठवून ठेवायचं नाही. मूळ साखळीच्या वॉलेटची फक्त सार्वजनिक किल्ली सर्व्हरला देता येते. मग काउंटरवरून नवे पत्ते निघतात, पण खर्च एका सातोशीचाही होत नाही. लाइटनिंगला ही सोय नाही, तिथे पैसे घ्यायलासुद्धा किल्ली चालू यंत्रावर लागते. म्हणून लाइटनिंगमध्ये गल्ल्यात ठेवतो तेवढीच रक्कम राहू द्यायची आणि वरची मालकाच्या वॉलेटमध्ये हलवायची. कधी हलवायची तो वारही ठरवून टाका.

ठेवायचं की मोडायचं, याचं सरसकट उत्तर नाही. ज्या मालाची उधारी महिनाअखेरी चुकवायची आहे त्याचे पैसे नाण्यात अडकवून ठेवू नयेत, एवढं मात्र मी ठामपणे सांगते. २०१७च्या डिसेंबरमध्ये स्टीम या व्हिडिओ गेम विकणाऱ्या मोठ्या दुकानाने बिटकॉइन घेणं थांबवलं. कारणं दोन दिली होती. भाव फार हलतो, आणि एका व्यवहाराची फी सुमारे २० डॉलरपर्यंत गेली होती. तेवढ्या पसाऱ्याच्या कंपनीला जे झेपलं नाही ते एका माणसाच्या दुकानाला झेपेल असं गृहीत धरू नका. मी साधारण असं करवते, की मालाची किंमत आणि भाडं निघेल एवढा भाग त्याच दिवशी मोडायचा आणि नफ्यातला जो तुकडा मालक मनापासून बाजूला ठेवू इच्छितो तेवढाच नाण्यात राहू द्यायचा. अनेकदा तो तुकडा शून्य असतो, आणि त्यात काही वाईट नाही.

शेवटी ज्यावर मी सगळ्यांत जास्त अडून बसते ते सांगते. दुकानात आलेलं नाणं पुढे कुठे जातं? एल साल्वादोरमध्ये ७ सप्टेंबर २०२१ला बिटकॉइन कायदेशीर चलन झालं. कायद्याच्या ७व्या कलमाने व्यावसायिकांना ते घेणं बंधनकारक केलं, आणि सरकारी ॲप उतरवून घेणाऱ्या नागरिकाला ३० डॉलरचं बिटकॉइन मिळालं. बऱ्याच लोकांनी ते ३० डॉलर संपवले आणि ॲपकडे पुन्हा फिरकले नाहीत. २०२५च्या जानेवारीत कायदा बदलला आणि स्वीकारणं ऐच्छिक झालं. पण त्याच देशात एल झोंते या समुद्रकाठच्या गावात कायद्याच्या आधीपासून, २०१९पासून, बिटकॉइन फिरायला लागलं होतं. तिथे एका निनावी देणगीतून पोरांना गावच्या कामांचा मोबदला बिटकॉइनमध्ये मिळायला लागला. ती पोरं तेच घेऊन दुकानांत गेली. दुकानदारासमोर नाणं घेऊन उभं असलेलं गिऱ्हाईक आधी आलं, मग दुकानं शिकली.

तेव्हा तुम्ही आधी पैसे देणारी माणसं गोळा करा. आठवड्यातून एकदा तरी तिथे बिटकॉइननेच खरेदी करतील असे चारपाच जण मिळाले तर एका दुकानाला हात घाला. तिघांना एकदम नको. आणि जिथे सायकलचे सुटे भाग पुरवणाऱ्याच्या पैशांचा किंवा मदतनिसाच्या पगाराचा काही भाग त्यांच्या खुशीने नाण्यात देता येईल असं दुकान मिळालं तर तेच पहिलं घ्या.

निळी_शाई:

स्टेबलकॉइनबद्दल थोडं, कारण बरेच जण "भाव हलत नाही ना, मग तेच घेऊ" म्हणतात. एकच यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं एक स्टेबलकॉइन) अनेक साखळ्यांवर, म्हणजे ब्लॉकचेनवर असतं, आणि इथेरियमसारख्या साखळ्यांवर पत्ते दिसायला तंतोतंत सारखे असतात. गिऱ्हाइकाने दुसऱ्या साखळीवरून पाठवलं तर दुकानाच्या स्क्रीनवर काहीच येत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या हातात पाठवल्याचा पुरावा असतो. वाद अटळ. पत्ता एखाद्या एक्स्चेंजच्या (नाणी विकत घेणाऱ्या-विकणाऱ्या बाजाराच्या) खात्याचा असेल तर पैसे अडकूनही पडू शकतात. साखळी एकच ठरवा आणि तिचं नाव कोडच्या शेजारी मोठ्या अक्षरांत लिहा.

दुसरं, आलेलं यूएसडीटी पुढे पाठवायचं तर सहसा त्या साखळीचं मूळ नाणं फीसाठी लागतं. ट्रॉनवर ट्रॉनचं, इथेरियमवर इथरचं. दुकानदाराकडे ते नसतं, आणि शिल्लक दिसतेय पण हलत नाही म्हणून तो घाबरून जातो. आधीच थोडं टाकून ठेवा.

आणि "स्थिर" यावर डोळे मिटून विसंबू नका. टेरायूएसडी हे स्टेबलकॉइन २०२२च्या मे महिन्यात कोसळलं ते परत उठलं नाही. यूएसडीसी हे दुसरं स्टेबलकॉइन २०२३च्या मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाल्यावर काही काळ ९० सेंटच्याही खाली गेलं होतं, मग सावरलं. शिवाय स्टेबलकॉइन जारी करणारी कंपनी एखाद्या पत्त्यावरची नाणी गोठवू शकते.

टिपणवही:

रोजकीर्द ताई, मनापासून आभार. छापील कोड रद्द केला. दोन गोष्टी विचारतो. भावाच्या भीतीवर उपाय म्हणून मी काकांना म्हणणार होतो की आलेलं बिटकॉइन रोज संध्याकाळी मला द्या, मी तुम्हाला त्या दिवशीच्या भावाने रोख देतो. हे चालेल का? आणि माल परत आला तर काय करायचं?

रोजकीर्द:

रोख देण्याचं मनातून काढून टाका. हेतू चांगला आहे हे कळतंय, पण बऱ्याच देशांत दुसऱ्यांची नाणी नियमितपणे बदलून देणं हा परवाना लागणारा धंदा धरतात. शिवाय काकांच्या वहीत ती रोख कुठून आली ते लिहायला जागा उरत नाही. मोडायचंच असेल तर त्यांच्या स्वतःच्या नावाने नोंदणीकृत एक्स्चेंजवर किंवा पेमेंट कंपनीकडे खातं उघडा. कागदपत्रं द्यावी लागतात, वेळ जातो, फीही जाते. पण विक्री, मोडलेली रक्कम आणि बँकेतली जमा या तीन नोंदी एकमेकींना जुळतात, आणि तपासणीला कुणी आलं तर काकांना तुम्हाला बोलवावं लागत नाही. भाव पडल्याचा बोलही मग तुमच्यावर येत नाही, कारण किती ठेवायचं हे त्यांनी स्वतः ठरवलेलं असतं. ते आकडे त्यांच्याच अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

परतीचा नियम पहिल्या दिवसाआधी ठरवून बिलावर छापा. परत द्यायची ती बिलावरची नेहमीच्या चलनातली रक्कम, त्या दिवशी किती सातोशी आले होते ते नाही. नाहीतर भाव वर गेला की लोक सातोशी मागतात आणि खाली आला की बिलाचा आकडा दाखवतात. लाइटनिंगवर आलेले पैसे आले त्याच वाटेने उलटे जात नाहीत, गिऱ्हाइकाकडून परतीसाठी नवा कोड घ्यावा लागतो. तो कोड मालकानेच स्कॅन करायचा, काउंटरवरच्या मुलाला पाठवण्याचा अधिकारच ठेवू नका. रोख परत देणं दोघांना चालत असेल तर ते सगळ्यांत सोपं, फक्त वहीत मूळ बिलाचा क्रमांक लिहा.

वहीत दर व्यवहाराला तारीख, बिल क्रमांक, चलनातली रक्कम, धरलेला भाव आणि व्यवहाराचा ओळख क्रमांक एवढं हवं. बीटीसीपे ही यादी फाइल करून देतं, ती महिन्याला हिशोब बघणाऱ्याकडे पाठवायची.

बीटीसी मॅपवर (बिटकॉइन घेणाऱ्या दुकानांच्या नकाशावर) दुकान लगेच टाकू नका. ती माहिती ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून बनवलेल्या नकाशावरून येते आणि लांबून लोक तेवढ्यासाठी येतात. काउंटरवरचं प्रत्येक माणूस तुमच्या मदतीशिवाय पेमेंट घेऊ लागलं, आणि एक परतीही नीट पार पडली, की मग टाका. दुकानाने पुढे बंद केलं तर तिथली नोंद काढण्याचं कामही तुमचंच धरा.