मूकपटांवरील माहितीपटाची ब्ल्यू-रे : दोष डिस्कचा की मूळ फितीचा?

प्रश्न (जुनी_चौकट)

दूरचित्रवाणीसाठी तयार झालेल्या, मूकपटांच्या काळावरील एका जुन्या माहितीपटाची ब्ल्यू-रे मी नुकतीच घेतली. डीव्हीडी पूर्वीपासून संग्रही असल्याने दोन्ही लागोपाठ लावून पाहिल्या आणि निराशा झाली. मुलाखती थोड्या उजळ दिसतात, पण बोलणाऱ्यांचे चेहरे मेणाचे केल्यासारखे वाटतात. जुन्या चित्रपटांतील दृश्ये डीव्हीडीइतकीच धूसर आहेत, हालचाल झाली की माणसांच्या कडेला दुसरी पुसट आकृती उमटते आणि कित्येक ठिकाणी पात्रांची डोकी वरून कापली गेली आहेत. वेष्टनावर मात्र 'नव्याने संस्कारित' असे छापले आहे. यांपैकी कोणते दोष डिस्क काढणाऱ्यांच्या माथी मारावेत आणि कोणते माहितीपटातच मुरलेले आहेत असे समजून सोडून द्यावेत, हे कसे ओळखायचे?

उत्तर (सोळा_फ्रेम)

अशा माहितीपटात चित्राचे तीन थर असतात : ज्या प्रिंटवरून जुनी दृश्ये घेतली ती प्रिंट, माहितीपटाची अंतिम संकलित फीत आणि शेवटी डिस्क. त्या काळी मुलाखती फिल्मवर चित्रित झाल्या असल्या, तरी संकलन अनेकदा व्हिडिओ फितीवर होत असे. पाल या भारत-युरोपातील दूरचित्रवाणी पद्धतीच्या फितीत चित्राच्या ५७६ रेषा असतात, एनटीएससी या अमेरिकी पद्धतीत सुमारे ४८०. ब्ल्यू-रेवर त्याच ताणून १०८० केल्या जातात; रेषा वाढतात, तपशील वाढत नाही. मूळ फिल्म शोधून पुन्हा स्कॅन करून सगळे संकलन नव्याने केले असेल तरच खरा फरक दिसतो आणि ते खर्चिक काम क्वचितच कोणी हाती घेते.

पुसट आकृतीचे कारण बहुधा वेगात आहे. मूकपटांचा वेग एकच असा ठरलेला नव्हता. सेकंदाला १६, १८, २० किंवा त्याहूनही जास्त फ्रेम्स आढळतात. त्या २४च्या वेगाने चालवल्या तर १६ फ्रेम्सवर चित्रित झालेला माणूस दीडपट वेगाने धावू लागतो (मूकपट म्हणजे धावपळ, हा गैरसमज बराचसा त्यातूनच रुजला). वेग नैसर्गिक ठेवून ती दृश्ये व्हिडिओच्या २५ किंवा ३०च्या चौकटीत बसवायची, तर काही फ्रेम्स दुबार दाखवाव्या लागतात किंवा शेजारच्या दोन एकमेकींत मिसळाव्या लागतात. पालची फीत पुढे एनटीएससीत रूपांतरित झाली असेल, तर हेच मिश्रण दुसऱ्यांदा होते.

डिस्क थांबवून एकेक फ्रेम पुढे न्या. कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसल्या तर काळजी नको, कारण व्हिडिओची फ्रेम एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांनी बनते, ती दोन्ही शाबूत असतात आणि चांगला प्लेअर ती जुळवतो. एकाच फ्रेममध्ये दोन हात, दोन चेहरे एकमेकांवर चढलेले दिसले, तर ते मिश्रण आहे आणि ते डिस्कपर्यंत पोचण्याआधीच झालेले असू शकते. डीव्हीडीवरही तीच फ्रेम तशीच असेल, तर ब्ल्यू-रेवाल्यांना निदान त्यापुरते दोषमुक्त करावे लागेल.

उत्तर (रीळ_क्रमांक_दोन)

कापलेल्या डोक्यांबाबत मी इतका उदार होणार नाही. ४:३चे (जुन्या टीव्हीच्या आकाराचे) चित्र १६:९च्या (आजच्या रुंद) पडद्यावर काठोकाठ भरायचे, तर उंचीचा चौथा हिस्सा छाटावाच लागतो. डीव्हीडीवर तेच दृश्य पूर्ण दिसत असेल, तर ही कात्री डिस्क काढणाऱ्यांनीच चालवली आहे. मूकपटांतील मजकुराच्या पाट्या पाहा; पहिली किंवा शेवटची ओळ कडेला टेकली असेल, तर वेगळा पुरावा नको.

मेणाच्या चेहऱ्यांचेही तसेच. मुलाखती फिल्मवरच्या असतील तर फिल्मच्या कणांची हलकी सळसळ दिसायला हवी. ती साफ करताना त्वचेचा पोतही पुसला जातो. मूळ चित्रण व्हिडिओवरचे असेल, तर मात्र हा आरोप मागे घेतो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. यांतील बऱ्याच चित्रपटांच्या उत्तम संस्कारित प्रती आज मिळतात, मग माहितीपटातले धूसर तुकडे बदलले का नाहीत?

उत्तर (सोळा_फ्रेम)

बदलायचे तर प्रत्येक तुकड्याचे हक्क पुन्हा मिळवावे लागतात. केविन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांची 'हॉलिवूड' ही मूकपटांवरची १९८० सालची १३ भागांची मालिका व्हीएचएस आणि लेसरडिस्कवर आली. पुढच्या माध्यमांकडची तिची वाट हक्कांच्या गुंत्यानेच अडवली, असे मानले जाते. शिवाय मला तुकडे बदलणे पटत नाही. दिग्दर्शकाच्या हाती तेव्हा कोणती प्रिंट होती, तिची अवस्था काय होती, याचीही नोंद माहितीपटात उरते. नवी दृश्ये द्यायचीच असतील, तर ती पुरवणी म्हणून वेगळी द्यावीत.

प्रश्नकर्ता (जुनी_चौकट)

दोन्ही डिस्क एकेक फ्रेम करून तपासल्या. दोन हातांची फ्रेम डीव्हीडीवरही तशीच आहे, म्हणजे ती तक्रार मागे. पाट्यांची वरची ओळ मात्र डीव्हीडीवर पूर्ण असून ब्ल्यू-रेवर अर्धी छाटलेली आहे. मुलाखतींत डीव्हीडीवर कण दिसतात, ब्ल्यू-रेवर एकही नाही. डीव्हीडी पुन्हा कपाटात ठेवली आहे.