मदत हवी आहे: लहान गिटार अ‍ॅम्पसाठी बॅग (खानापूर ते बेळगाव, पावसाळ्यासह)

जांबोटी_रोड: रोलँड मायक्रो क्यूब जीएक्स हा अ‍ॅम्प, एक डिले पेडल (आवाजाचा प्रतिध्वनी देणारं), दोन अडॅप्टर, तीन मीटरच्या दोन केबल आणि सहा पेन्सिल सेल एवढं एकाच बॅगेत बसवायचं आहे. पाठीवर गिटार असते, त्यामुळे ही बॅग हातात किंवा खांद्यावर. प्रवास कधी स्कूटरनं, कधी बसनं. खानापूरचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. तयार घ्यावी की शिवून?

सहा_तारा: शिवूनच घ्या. कॅमेऱ्याच्या बॅगेत बहुधा खोली कमी पडते आणि टूल बॅगेत तळ कडक असला तरी बाजूंना गादी नसते. हा अ‍ॅम्प साधारण 25 × 17 × 23 सेंमी, वजन 2.7 किलो. सगळ्या बाजूंनी 12 मिमी फोम धरा आणि कापडाचं आतलं माप 28 × 21 × 27 सांगा. उंचीत जास्त जागा सोडली ती चेनसाठी. ताणून लावलेली चेन आधी कोपऱ्यात उसवते. फोम पांढरा, कडक ईपीईच (पॅकिंगला वापरतात तो) हवा. गादीचा स्पंज दबतो, शिवाय पाणी पिऊन ओल अ‍ॅम्पला चिकटवून ठेवतो.

अडॅप्टर अ‍ॅम्पच्या कप्प्यात अजिबात नको. खड्ड्यात तो जड ठोकळा उसळून नॉबवर नाहीतर स्पीकरच्या जाळीवर आपटतो. बाहेर 5 सेंमी खोल वेगळा खिसा करा आणि दोन्ही अडॅप्टरना वेगळ्या रंगाची टेप लावा.

शिलाई_मास्तर: माप बरोबर आहे. कापड 600 डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप), आतून पाणी अडवणाऱ्या पीयू लेपाचं. पट्टा दीड इंची नायलॉनचा, तळाखालून फिरवून आणायचा. नुसता वरच्या काठाला शिवला तर सगळं मिळून चार किलोच्या आसपासचा भार तिथल्या टाक्यांवर येतो आणि तोंड फाटतं. टोकांना चौकोन आणि आत फुली अशी शिलाई. चेन 10 नंबर नायलॉनची, लोखंडी नको, गंजते. कापड कितीही चांगलं असू दे, सुईच्या भोकांतून पाणी येतंच. वरून ताडपत्रीची वेगळी टोपी लागणारच. बेळगावात खडेबाजारला याल तेव्हा अ‍ॅम्प घेऊनच या की, कागदावरच्या मापात हँडलची उंची नेहमी राहून जाते.

जांबोटी_रोड: धन्यवाद मास्तर. स्कूटरला पुढच्या हुकाला टांगली तर? आणि सेल आतच राहू देत का?

सहा_तारा: हुकाला नको, वळणावर झोके घेते आणि हँडल ओढतं. पायाजवळ ठेवा, जाळी तुमच्याकडे करून. जाळीपुढे सनपॅक शीटचा (पोकळ प्लॅस्टिकच्या पत्र्याचा) तुकडा सरकवा, म्हणजे पायाचा धक्का स्पीकरच्या कागदाला लागत नाही. तळाला रबरी बटणं हवीत, नाहीतर चाकाचा चिखल शिवणीत मुरतो. बसमध्ये मांडीवर, वरच्या फळीवरून ब्रेकला खाली येते.

सेलचं म्हणाल तर आठवडाभर वाजवणार नसाल तर काढा. अल्कलाइन गळला की स्प्रिंग खातो. पेडलमध्ये 9 व्होल्टचा सेल असेल तर इनपुटमधली केबलची पिन उपसूनच बॅगेत ठेवा. पिन आत असली की पेडल चालूच राहतं. अ‍ॅम्पलाही पिन तशीच ठेवली तर बॅगेच्या दाबानं जॅकचा आतला सोल्डर तडकतो, मग आवाज येतो-जातो.

जांबोटी_रोड: केबल खिशात की अ‍ॅम्पवर?

सहा_तारा: खिशात. वीतभर व्यासाची सैल गुंडाळी, एक वेढा सरळ, एक उलटा, आणि वेलक्रोची पट्टी. घरी पोचलात की चेन उघडून अ‍ॅम्प बाहेर काढा, बॅग उलटी वाळत घाला.